तिसावा शब्द

उत्तराबाईंनी यादीतले एकोणतीस शब्द भराभर लिहिले. पाणी, चहा, भात, चादर, चष्मा, पंखा, लघवी, दुखतंय, थंडी. तिसाव्या ओळीवर त्यांनी पेन जरा दाबून धरलं आणि लिहिलं, मैत्रेयी.

संघप्रियानं कागद वाचला. ती परभणीच्या दवाखान्यातून आली होती. लकवा होऊन बोलणं गेलेल्या माणसांवर तिथं एक अभ्यास चालू होता, आणि पोखर्णीच्या व्यंकटरावांचं नाव त्यात घातलं होतं. बारा आठवडे, रोज अर्धा तास, घरच्यांनी निवडलेले तीस शब्द, एका शब्दाला एक चित्राचा पत्ता. सराव घरच्यांनीच घ्यायचा, फोनवर आवाज भरून ठेवायचा, आणि दर शनिवारी संघप्रियानं येऊन तपासायचं.

"काकू, हा शब्द अवघड आहे. मधी जोडाक्षर आहे. रोज लागणारे शब्द निवडले तर बरं. कोण आहे मैत्रेयी?"

"आमची मुलगी."

"असं होय. कुठं असते?"

"मेली," उत्तराबाई म्हणाल्या. पोरीचा चेहरा उतरलेला बघून त्यांनी पुढं सांगितलं, "गंगाखेडला असते. या घरात मेली आहे. राहू दे तो शब्द."

खाटेवर पडलेल्या व्यंकटरावांनी हे सगळं ऐकलं. कळत त्यांना सगळं होतं. त्यांनी डावा हात उचलून जोरजोरात हलवला आणि तोंडातून नुसतं "बा, बा, बा" निघालं. उत्तराबाईंनी त्यांच्याकडं न बघता कागदावर सही केली.

व्यंकटराव दहा गावांची भिक्षुकी करायचे. लग्न, मुंज, वास्तुशांत, बारावं, तेरावं. श्रावणात एका घरी पूजा सांगताना त्यांच्या उजव्या हातातली पळी पडली, मग हात पडला, मग शब्द. डॉक्टरांनी मेंदूचं चित्र काढून दाखवलं होतं. डाव्या बाजूला शब्द जुळवायची जागा असते, तिथलं रक्त थांबलं. समजतं, पण जुळत नाही. मात्र लहानपणापासून तोंडात बसलेलं जे असतं, पाठांतर, गाणं, शिव्या, ते बऱ्याचदा शाबूत राहतं. तसंच झालं. पाणी मागता न येणारा माणूस दिवेलागणीला श्लोक धरला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत कुठं अडखळायचा नाही.

गावानं याचा वेगळाच अर्थ लावला. व्यंकटरावांचे चुलतभाऊ महारुद्र तर माणसं घेऊनच यायला लागले. "बघा, देवानं दादांची वाचा नेली, पण स्वतःपुरती ठेवली! वहिनी, हे पत्ते दाखवणं बंद करा आता. त्या दवाखान्याच्या पोरीला काय कळतंय? इथं साक्षात कृपा झालेली आहे."

"कृपा झाली आहे तर पाणी का मागता येत नाही भावजी?"

"पुण्यवानाला पाण्याची काय गरज?" महारुद्र म्हणाले आणि स्वतःसाठी चहा सांगितला.

उत्तराबाईंनी चहा ठेवला. महारुद्रांच्या कपात साखर घालताना त्यांना नऊ वर्षांपूर्वीचं तूप आठवलं.

मैत्रेयीनं बोरीच्या शिवशंकरशी कचेरीत लग्न केलं होतं. त्याचे आईबाप सहा महिने ऊस तोडायला जायचे. तो स्वतः शिकून साखर कारखान्यात केमिस्ट झाला होता. पण व्यंकटरावांनी त्याचं शिक्षण विचारलंच नाही. दहा गावांच्या मेलेल्यांची क्रिया करणाऱ्या माणसानं जिवंत पोरीची क्रिया केली. गंगाखेडच्या घाटावर जाऊन तिळाचं पाणी सोडलं, पिंड ठेवला, आणि तेराव्या दिवशी अकरा माणसं जेवायला बोलावली. पुरण उत्तराबाईंनी शिजवलं. वाटताना पाटा ओला होत होता, आणि कशानं ते कुणी विचारलं नाही. अकरा जण पोटभर जेवले. महारुद्रांनी दोनदा तूप मागून घेतलं. "वहिनी, पोळी लय मऊ झाली," असंही म्हणाले.

पानं उचलल्यावर व्यंकटरावांनी सगळ्यांसमोर नियम सांगितला. या घरात तिचं नाव जो घेईल आणि जो ऐकेल, त्यानं डोक्यावरून आंघोळ करायची. महारुद्रांनी मान डोलावली. "बरोबर आहे दादा. सूतक ते सूतक."

पुढं पौषात मैत्रेयीला मुलगा झाल्याचा फोन आला, आणि उत्तराबाईंच्या तोंडून आनंदात नाव निघालं. व्यंकटराव उठले, अंगणातल्या नळाखाली बसले, थंड पाणी डोक्यावर घेतलं, आणि निथळत उभं राहून म्हणाले, "आता तू." त्यांच्यासमोर उत्तराबाईंनी बादली ओतून घेतली. आठ दिवस ताप होता. त्यानंतर त्या दुपारी मागच्या परसात जाऊन लेकीशी फोनवर बोलायच्या, पण नाव घ्यायच्या नाहीत. "कशी आहेस गं," एवढंच. स्वतःच्या पोरीचं नाव उच्चारायला त्या इतकी वर्षं भ्यायल्या.

आता त्यांना एकच पाहिजे होतं. ज्या तोंडानं तिळांजली दिली त्या तोंडानं, ज्यांच्यासमोर नियम सांगितला त्यांच्यासमोर, ते नाव निघालं पाहिजे. माफी नको होती. रडणं नको होतं. नाव पाहिजे होतं.

पहिल्या दिवशी त्यांनी मैत्रेयीचा फोटो लावलेला पत्ता पुढं धरला. व्यंकटरावांनी डाव्या हातानं तो उडवला. पत्ता खाटेखाली गेला. उत्तराबाई वाकल्या, उचलला, पदरानं पुसला, परत धरला. परत उडवला. पाणी, चहा, पंखा हे शब्द तिसऱ्या आठवड्यात तुटक तुटक यायला लागले. तिसावा पत्ता दिसला की ते ओठ मिटून भिंतीकडं तोंड करायचे.

"जबरदस्ती नको काकू," संघप्रिया म्हणाली. "असं करा, सुरात म्हणायला लावा. डाव्या हातानं गुडघ्यावर ठेका, एका अक्षराला एक थाप. गाण्याला मेंदूची उजवी बाजू पण हात लावत असावी, असा अंदाज आहे. सगळ्यांनाच फायदा होतो असं नाही. तेच तर आमी तपासायलोत."

उत्तराबाईंनी ते ऐकलं, आणि त्यांना शिवणकामातली गोष्ट सुचल्यासारखं झालं. जे कापड आधीच धड आहे, त्याला जोड द्यायचा.

त्या दिवशी दिवेलागणीला व्यंकटरावांनी श्लोक धरला. डावा हात गुडघ्यावर ठेका देत होता. शेवटची ओळ संपली आणि त्याच सुरात, ठेका मोडायच्या आत, उत्तराबाईंनी पुढं जोडलं, "मै, त्रे, यी." पौषातल्या त्या बादलीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून नाव निघालं होतं. व्यंकटरावांचे डोळे मोठे झाले. त्यांनी न्हाणीकडं बोट दाखवलं. आंघोळ कर.

"नाही करत," उत्तराबाई म्हणाल्या. "उठून घाला मला, जमत असेल तर."

रोज संध्याकाळी तेच. व्यंकटरावांना श्लोक सोडवत नव्हता, कारण तेवढंच एक त्यांचं उरलं होतं. तो संपला की शेवटी ते नाव यायचंच. पाचव्या आठवड्यात शेवटच्या ओळीनंतर त्यांचा हात आपोआप तीनदा आपटला. त्यांनी हाताकडं असं बघितलं, जसा काही तो दुसऱ्याचा आहे. सातव्या आठवड्यात उत्तराबाई मुद्दाम गप्प बसल्या. ओळ संपली. हात तीनदा पडला आणि तोंडातून स्वच्छ, पूजेच्या आवाजात, आलं, "मैत्रेयी."

व्यंकटरावांनी डाव्या हातानं तोंड झाकलं. मग घाबऱ्या डोळ्यांनी न्हाणीकडं बोट दाखवलं.

"आंघोळ पाहिजे? सकाळी घालीन. रात्रभर बसा सूतकात." त्यांनी दिवा सरकवला आणि भाकरी थापायला गेल्या. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

शनिवारी संघप्रियानं फोनवरचे आवाज ऐकले. आधी खूश झाली, मग तिनं नाव आणि त्यानंतरचं उत्तराबाईंचं बोलणं दोन्ही परत लावून ऐकलं.

"काकू, शब्द आला हे लय भारी झालं. पण तुमी त्यांना छळायलात."

"तुझ्या कागदात लिहून टाक तसं."

"लिहावं लागेल. आणि हे असं येणं म्हणजे बोलणं नाही, सांगून ठेवते. सुराला चिकटून आलंय. मुलगी समोर उभी राहिली आणि श्लोक नसला, तर येईलच असं नाही. सुरातून हळूहळू सोडवून घ्यावं लागतं, त्याला वेळ लागतो. ते शिकवू का?"

"पुढं बघू," उत्तराबाई म्हणाल्या. "मला सुरातलंच पाहिजे आहे सध्या."

बारावा आठवडा मार्गशीर्षात आला. महारुद्र म्हणालेच होते की गावातल्या चार माणसांना दादांचा श्लोक नीट बसून ऐकवू. उत्तराबाईंनी विषय उचलून धरला. "ऐकवू की भावजी. मी स्वयंपाक करते. पण माणसं मी सांगेन ती." नऊ वर्षांपूर्वीच्या अकरांपैकी तिघं वारले होते. आठ जणांना आवतण गेलं. पुरण शिजलं, आमटी झाली, भजी झाली. या वेळी पाटा कोरडा होता.

अंगणात नळापाशी आठ बादल्या भरून ठेवल्या होत्या. तीन घरच्या, पाच शेजारून आणलेल्या. प्रत्येकीवर एक टॉवेल.

"हात धुवायला एवढ्या बादल्या?" महारुद्र येता येता म्हणाले. "वहिनी, आमी काय जेवायला आलोत का पोहायला?" सगळे हसले. उत्तराबाई पण हसल्या.

पानं वाढली. दाराशी संघप्रिया शेवटचा आवाज भरायला फोन घेऊन बसली होती. व्यंकटरावांना धुतलेलं धोतर नेसवून, गंध लावून खुर्चीत बसवलं होतं. त्यांनी पानांकडं बघितलं, माणसांकडं बघितलं, आणि त्यांना कळलं. ओठ घट्ट मिटले.

"दादा, होऊ द्या," महारुद्रांनी हात जोडले आणि स्वतःच पहिली ओळ धरली.

इथं व्यंकटरावांचा इलाज चालला नाही. ओळ कानावर पडली आणि दुसरी आपोआप आली. आवाज खणखणीत होता. आठ जण डोळे मिटून डोलत होते. शेवटची ओळ संपली. एकानं नमस्कारासाठी हात उचलले. व्यंकटरावांचा डावा हात तोंडाकडं निघाला, पण त्याला ठेका द्यायचा होता. तो गुडघ्यावर पडला, एक, दोन, तीन.

"मैत्रेयी."

वाढलेल्या आमटीची वाफ तेवढी वर जात होती.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" उत्तराबाई वाढायची पळी हातात घेऊन उभ्या राहिल्या. "सूतक ते सूतक. बादल्या भरलेल्या आहेत. डोक्यावरून घ्या आणि मग जेवायला बसा. पोळी मऊ झाली आहे."

"वहिनी, हे तुमी शिकवलंय त्यांना!"

"शिकवलं मी. म्हटलं त्यांनी. नियम कुणाचा होता भावजी? मान कुणी डोलावली होती?"

चौघं चपला शोधत निघून गेले. तिघं जण अंगणात उभं राहून एकमेकांकडं बघत पायावर नळाचं पाणी घेऊन सटकले. महारुद्रांना तसं जाता येईना. उद्या गावात ते कोणत्या तोंडानं सोवळं सांगणार होते? त्यांनी सदरा काढला, मार्गशीर्षातली बादली डोक्यावर घेतली, आणि कुडकुडत येऊन पानावर बसले.

"तूप वाढू?" उत्तराबाईंनी विचारलं.

"वाढा," महारुद्र दात वाजवत म्हणाले.

तूप वाढता वाढता उत्तराबाईंनी हलक्या आवाजात श्लोकाची शेवटची ओळ गुणगुणली. खुर्चीत हात पडला, एक, दोन, तीन.

"मैत्रेयी."

"उठा भावजी, परत लागलं. सात बादल्या आहेत अजून."

महारुद्र पान लोटून ओल्या धोतरानिशी जे गेले ते वळून न बघता गेले. दाराशी संघप्रियानं तोंडावर ओढणी धरली होती. हसायला येत होतं की कसंतरी होत होतं, तिचं तिलाच कळत नव्हतं. उत्तराबाईंनी तिला हाताला धरून महारुद्रांच्या जागी नवं पान मांडून बसवलं. मग फोन घेतला. या वेळी परसात गेल्या नाहीत. व्यंकटरावांच्या खुर्चीशेजारी उभ्या राहिल्या.

"मैत्रेयी," त्या म्हणाल्या, "तुझ्या तेराव्याचं जेवण उरलंय. ये जेवायला. गार व्हायच्या आत ये. पोराला पण आण."

तासाभरात गंगाखेडहून मोटारसायकल आली. मैत्रेयी उंबऱ्यात उभी राहिली. केसात दोनचार पांढरे होते. मागं शिवशंकर पोराचा हात धरून उभा होता, आत यावं की नाही या विचारात.

"या आत," उत्तराबाई म्हणाल्या. "पानं मांडलेली आहेत."

व्यंकटराव लेकीकडं बघत होते. ओठ उघडले. काही आलं नाही. परत उघडले. "बा," आलं. "बा, बा." हात गुडघ्यावर पडला, एक, दोन, तीन, आणि तोंड नुसतंच उघडं राहिलं. परत तीन थापा. परत. कपाळावर घाम आला. त्यांनी उत्तराबाईंकडं बघितलं. बघणं कळण्यासारखं होतं. ती ओळ म्हण. तू म्हटलीस तर येईल.

संघप्रिया केव्हाच जेवून परत दाराशी बसली होती. "काकू," ती हळूच म्हणाली.

उत्तराबाईंना ओळ पाठ होती. एका श्वासाचं काम होतं. त्यांनी लेकीच्या पानावर पोळी वाढली, नातवाच्या पानावर वाढली, जावयाच्या पानावर वाढली, आणि पोळीच्या मधोमध खळगा करून त्यात तूप सोडलं.

"ती नऊ वर्षं थांबली," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तुमी पण थांबा थोडं."

मैत्रेयीनं पहिला घास घेतला. खुर्चीत हात आपटत राहिला, एक, दोन, तीन, एक, दोन, तीन. पोरानं मान वर करून विचारलं, "आजी, हे काय वाजवायलेत?"

"जेव तू," उत्तराबाई म्हणाल्या आणि आमटी आणायला आत गेल्या.