हॉकी कोचची गावं

मस्कतच्या आइस रिंकवर माझ्या मुलीला हॉकी शिकवणाऱ्या कॅनेडियन कोचवर माझा विश्वास नव्हता. बारा वर्षं लहानसहान क्लबांकडून खेळलो, मग गुडघा मोडला, असं तो सांगायचा. पण गुडघा कुठे मोडला असं विचारलं की गावाचं नाव दर वेळी वेगळं. बोलता बोलता मध्येच थांबायचा आणि ‘यल्ला, यल्ला’, चला चला, म्हणत मुलांकडे सटकायचा. दोन वर्षं दर शुक्रवारी भेटूनही मला नुसता ‘माय फ्रेंड’ म्हणायचा. थापाड्या आहे, असं मी हमरियातल्या घरी बायकोला सांगूनही टाकलं होतं.

दुबईच्या संघाशी मॅच होती, तेव्हा मुलगी धडकून बर्फावर पडली. लगेच उठली.

“आय ॲम फाइन, बाबा!”

कोचने तिचं हेल्मेट काढून घेतलं आणि तिला बाकावर बसवलं.

“तिला काही झालेलं नाही,” मी चिडून म्हणालो. त्याला दुसऱ्या कुणाला तरी खेळवायचं असणार, असंच मला वाटलं.

“डोक्याला मार बसला की मीही हेच म्हणायचो,” तो म्हणाला. “आता निम्मं आठवत नाही.”

हे खरं की आणखी एक थाप? मी तणतणत मुलीला घेऊन निघालो. गाडीत तिने विचारलं, “बाबा, आपण कुठे चाललोय?”

“घरी.”

पुढच्या सिग्नलला तिने पुन्हा तेच विचारलं. त्यानंतरच्या राउंडअबाउटला पुन्हा. मी गाडी हॉस्पिटलकडे वळवली.

दोन दिवसांनी तिला सुखरूप घरी आणलं. कोचला फोन करायला मात्र मला आठवडा लागला.