सशाला म्हैस समजून

जनावराला काय खाऊ घालावं हे मला शिकवील असा माणूस आमच्या धाड गावात अजून जन्मायचाय, असं मी बिनदिक्कत म्हणत असे. गोठ्यात चार म्हशी. एकीचीही फासळी कधी कोणाला दिसली नाही. बाजाराच्या दिवशी लोक वाट वाकडी करून येतात, म्हशीच्या पाठीवर हात फिरवतात आणि विचारतात, "काय चारून राह्यले भाऊ?" मी सांगतो, पण सगळं नाही.

अशा माणसाच्या हाती माझ्या मुलीनं दसऱ्याला आपला ससा दिला. तिला संभाजीनगरला दवाखान्यात नोकरी लागली होती आणि हॉस्टेलात ससा चालत नव्हता. "स्वतःची खोली भेटली का घेऊन जाईन बाबा. तोवर सांभाळा," ती म्हणाली. पांढरा, एका कानावर करडा ठिपका असलेला तो जीव तिनं दोन वर्षं पोटच्या पोरासारखा वाढवला होता. जाताना पुन्हा पुन्हा वळून पाहत होती. मी म्हटलं, "तू जाय. चार म्हशी सांभाळतो, हा तर मूठभर हाय."

लेकीची ठेव म्हटल्यावर मी हात आखडता घेतला नाही. विहिरीजवळच्या वाफ्यातला कोवळा लसूणघास रोज दोन वेळा. शेवग्याचा पाला, म्हशींना घालतो त्यातली भिजवलेली चण्याची चुणी, आणि म्हशींना चाटायला गोठ्यात टांगलेल्या कॅल्शियमच्या विटेचा तुकडा फोडून पिंजऱ्यात. व्यालेल्या म्हशीला आपण कॅल्शियम पाजतोच की. हाडं मजबूत होतात, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. ससा टरारून फुगला. मी त्याचे फोटो काढून मुलीला पाठवायचो आणि ती उलट लिहायची, "बाबा, किती गोंडस झाला!" मला गुदगुल्या व्हायच्या.

दिवाळीनंतर त्याचं मूत दाट, पांढरं यायला लागलं. फरशीवर वाळलं की चुन्याच्या सड्यासारखा थर उरायचा. बायको म्हणाली, "हे बरं नाही दिसून राह्यलं." मी म्हटलं, "अंगात सत्त्व जास्त झालं, ते बाहेर पडून राह्यलं." असं ठणकावून सांगितलं की तीही गप्प बसली. चार दिवसांनी ससा कोपऱ्यात पाठ कुबडी करून बसला. मुतायला बसायचा, जोर करायचा, थेंब पडायचा आणि दात करकर वाजायचे. चारा पुढे केला तर तोंड फिरवलं. तेव्हा मात्र मी टोपली शोधली.

टोपलीत घालून, वर उपरणं बांधून त्याला जीपनं बुलढाण्याला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. जीपमध्ये उपरण्याखालचे कान पाहून एकानं विचारलं, "आज सशाचा बेत हाय का भाऊ?" एरवी मी त्याला सोडला नसता. त्या दिवशी फक्त टोपली मांडीवर ओढून घेतली.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोट चाचपलं, एक्स-रे काढला आणि उजेडासमोर धरला. मूत्राशयाच्या जागी पांढराफटक गोळा. "काय खाऊ घालता?" त्यांनी विचारलं. मी मोठ्या तोऱ्यात यादी सांगितली. ते ऐकत गेले आणि शेवटी म्हणाले, "काका, तुम्ही याले म्हैस समजले. घास, शेवगा, वीट, समदं कॅल्शियमच. म्हैस कॅल्शियम दुधात काढते. हा कशात काढीन? जेवढं खाल्लं तेवढं रक्तात जाते अन् मुतातून येते. पाणी कमी पडलं का तळाशी गाळ बसते."

मला राग आला. त्यांचा नाही, माझाच. अती तिथं माती हे मी गावाला सांगत आलो होतो आणि स्वतःच्याच घरात चुन्याची भट्टी लावली होती. ससा दोन दिवस त्यांच्याकडे राहिला. सलाईन, दुखण्याचं औषध, लघवीची पिशवी धुणं, सगळं झालं. मुलीला मी फोनवर म्हटलं, "मजेत हाय." आयुष्यात तिच्याशी इतकं खोटं कधी बोललो नव्हतो.

घरी आल्यावर सगळं उलटं करायचं होतं. लसूणघास बंद, शेवगा बंद, चुणी बंद, वीट बंद. दिवसभर खायला वाळलेलं गवत, सोबत मूठभर कोथिंबीर धुऊन, निथळून न काढता तशीच ओली. नळीच्या बाटलीतून तो पाणी कमी प्यायचा म्हणून मातीची जड परळ ठेवली आणि दिवसातून दोनदा भरू लागलो. पिंजरा उघडा ठेवला, कारण बसून राहिलं की गाळही बसतो.

पण गवताला तो तोंड लावीना. बायको म्हणे, "दारात हिरवं असून वाळलेलं टाकता, लोक काय म्हणतीन?" लोकही तसेच. आमच्याकडे मुक्या जिवाला रिकाम्या हातानं कोणी भेटत नाही. शेतावरून येणारा प्रत्येकजण मूठभर हिरवं घेऊन पिंजऱ्यापुढे. मी सगळ्यांचे हात अडवले. दोघं रुसले, रुसू दे.

आणि गवताचं म्हणाल, तर तिथं मी कच्च्या गुरूचा चेला नाही. विहिरीच्या बांधावरचं मारवेल तुऱ्यावर येण्याआधी कापलं, उन्हात न टाकता माळवदाखाली सावलीत पसरलं, दिवसातून तीनदा उलटलं. पाचव्या दिवशी ते हिरवट राहूनही खडखडीत वाजू लागलं आणि गोडसर वास सुटला. ससा आला, हुंगला आणि एक काडी तोंडात ओढून घेतली. मग दुसरी. मी तिथंच खाली बसून पाहत राहिलो. त्या दिवसापासून रोज सकाळी फरशीवर बोट फिरवून पाहतो. आधी कचकच लागायची. संक्रांतीपर्यंत बोट स्वच्छ येऊ लागलं.

जानेवारी सरता सरता मुलगी आली. खोली मिळाली होती, ससा न्यायलाच आली होती. वाटेत कोणाच्या तरी शेतातले हरभऱ्याचे डहाळे तिनं त्याच्यासाठी तोडून आणले होते. ती पिंजऱ्याकडे वाकली आणि मी तिच्या हातातून ते डहाळे काढून घेतले.

"एवढंसं तरी द्या ना, बाबा."

मग मला सांगावं लागलं. लसूणघासापासून एक्स-रेपर्यंत सगळं सांगितलं, माझं खोटंसुद्धा. तिनं ससा मांडीवर घेतला आणि त्याच्या पोटावरून हळूच हात फिरवला.

"काऊन नाही सांगितलं मले?"

"तू याले लगेच दुसऱ्या कोणाकडं नेऊन ठेवशील, असं वाटलं," मी म्हणालो. खरं तेच होतं. तो जाईल या धाकानंच मी गप्प होतो, लाजेनं नाही.

तिनं विचारलं, गवत कधी कापायचं, किती वाळवायचं, पाणी किती वेळा बदलायचं. मी सगळं सांगितलं, या खेपेला काही राखून न ठेवता. ऐकून झाल्यावर तिनं ससा उचलला आणि माझ्या हातात दिला.

"राहू द्या इथंच," ती म्हणाली. "तुम्ही एकडाव चुकले, आता नाही चुकत. मी तिथं नव्यानं चुकीन."