कुठं दिली?

आमच्या भागात बाईची ओळख झाली की नाव नंतर विचारतात. आधी माहेर कुठलं, मग दिली कुठं. मी रहिमतपूरची, आष्ट्याला दिलेली. इतकी वर्षं हे मी स्वतःच सांगत आले आणि मला त्यात काही खटकलं नाही. खोटं कशाला बोलू?

मी घरी बसून रशियन भाषांतरं करते, बहुतेक यंत्रांची माहितीपत्रकं. पंपाचा नट किती आवळायचा हे वाचून डोकं शिणलं की शब्दांची कुळं बघत बसते. लेकीचं लग्न ठरलं तेव्हा 'देणं' बघत होते. रशियन, पोलिश, चेक, सर्बियन या भाषांची एक जुनी आई होती. तिच्यात 'दाती' असं क्रियापद असावं. असावंच म्हणायचं, कारण ते कुठं लिहिलेलं सापडलेलं नाही. लेकींच्या तोंडावळ्यावरून अभ्यासकांनी आईचा चेहरा ठरवलाय. म्हणून त्या शब्दाआधी एक चांदणी काढतात. रशियनमध्ये त्याचं 'दात्' झालं, पोलिशमध्ये 'दाच', सर्बियनमध्ये 'दाती'च राहिलं. आणखी मागं गेलं की संस्कृतातलं 'ददाति' आणि आपलं 'देणं' त्याच घरातलं निघतं. रशियन माणूस लेकीचं लग्न लावतो म्हणजे तिला 'नवऱ्यामागं देऊन टाकतो', याच क्रियापदानं. सर्बियात लग्न झालेली बाई 'उदाता', म्हणजे दिलेली. एवढ्या लांबच्या बायका आपल्याच पंगतीतल्या निघाल्या म्हणून मला बरं वाटलं होतं.

त्याच आठवड्यात लेक जेवताना म्हणाली, "कन्यादान नको. मी जाते, पण मला देऊ नका." जाणार ती कराडशेजारी मलकापूरला होती. तिनं आणि होणाऱ्या जावयानं मिळून तिथं भाड्यानं घर बघितलं होतं.

आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आलेले. लेकीचं लहानपण त्यांनी रजेरजेनं बघितलं. बारसं हुकलं, शाळेतलं गॅदरिंग हुकलं. कन्यादान हुकणार नव्हतं. त्यासाठी पितळेचा तांब्या चिंच लावून स्वतः घासून ठेवला होता. ते ताटावरून उठले नाहीत, फक्त भाकरी कुस्करत बसले.

ते मला बघवेना, म्हणून मी माझं 'दाती' सांगायला घेतलं. नको तिथं शहाणपण.

"बघ," हे म्हणाले, "रशियातबी देत्यात."

"आई, तू कुणाच्या बाजूची?" लेकीनं विचारलं.

मला दोघांचंही पटत होतं आणि दोघांचाही राग येत होता.

पुढं बापलेकीत कामापुरतं बोलणं राहिलं. भटजींना कन्यादान वगळायचा निरोप ह्यांनीच दिला, पण पटलं असं तोंडानं म्हणाले नाहीत.

कन्यादान होईपर्यंत बापानं उपाशी राहायचं, अशी रीत. कन्यादानच नाही तर उपास कशाचा? पण लग्नाच्या दिवशी हे सकाळपासून पाण्यावर. अक्षता पडल्या, पंगती उठत गेल्या. लेक नव्या शालूत ताट वाढून घेऊन आली. "पप्पा, दोन घास खावा." "असू दे," म्हणाले. जे होणारच नाही त्यासाठी धरलेला उपास सुटायचा कधी, हे मलाही कळेना. मला भीती वाटली ती ही, की हा माणूस आता जन्मभर असाच उपाशी राहणार. लेक ताट धरून तिथंच उभी राहिली.

तेवढ्यात ह्यांचे फौजेतले एक जुने सोबती उशिरानं मांडवात शिरले. पाठमोऱ्या लेकीला त्यांनी ओळखलं नाही. "काय सुभेदार, लेक कुठं दिली म्हनायची?"

ह्यांनी ताट धरून उभ्या लेकीकडं बघितलं.

"दिली न्हाई," म्हणाले. "मलकापुरात ऱ्हायला जातीया. जावईबी हाय संगं."

मग लेकीच्या हातातलं ताट स्वतःकडं ओढून घेतलं आणि म्हणाले, "आमटी गार झाली गं. गरम आन."