वहिनीचं मागचं अंगण

दादाचा फोन आला तेव्हा मी कळंबोलीच्या घरी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "नलू, सुमन गेली," एवढंच म्हणाला. डेंग्यू झाला म्हणून वहिनीला ॲडमिट केलं होतं. आदल्या दिवशी ती माझ्याशी बोलली होती, प्लेटलेट वाढतायत म्हणून सगळे जरा सैल झालो होतो... दूध उतू गेलं, गॅस बंद केला आणि तशीच निघाले. घणसोलीला पोचले तर हॉलमध्ये बायका जमलेल्या आणि दादा कुठेच नाही. बघते तर मागच्या अंगणात. पाखरांसाठी वहिनी मातीची पसरट परळं पाण्याने भरून ठेवायची, ती एकेक उचलून तो भिंतीवर आपटत होता. "ह्यातनंच आलं हे," मला म्हणाला. "सांगत होतो, पाणी ठेवू नको, डास होतात. ऐकलं तिने? कधी ऐकलंय माझं?" मी त्याचा हात धरला. हात ओला होता.

हे रो-हाउस त्यांनी घेतलं तेव्हा मागे अंगण असं काही नव्हतंच. बिल्डरने विटा-सिमेंटचं सगळं राबिट तिथे ओतलं होतं आणि वर माती भुरभुरवली होती. वहिनी कोकणातली, संगमेश्वरकडची. तिने पहिल्याच रविवारी पदर खोचला आणि पहार घेतली. मी भेटायला गेले होते, चांगली साडी नेसून. "वन्सं, नुसत्या बघत काय उभ्या राहिल्यात, घमेलं उचला!" एरवी ती मला नलूच म्हणायची, 'वन्सं' फक्त कामाला लावायचं असलं की. संध्याकाळपर्यंत माझ्या साडीचं पोतेरं झालं होतं. दादा खुर्ची टाकून पेपर वाचत होता. तुर्भ्याच्या कारखान्यात आठवडाभर राबून आलोय, मला हे टेन्शन नको, असं त्याचं म्हणणं. पण मधूनमधून पेपर खाली करून बघत होता, ते मी पाहिलं.

मग त्या अंगणाला पाय फुटले. म्हणजे पायवाले आणि बिनपायाचे, सगळेच येऊ लागले. दयाळ आला, बुलबुल आले, गटाराच्या बाजूने मुंगूस यायचं आणि आपल्याच घरात आल्यासारखं फिरून जायचं. पावसाळ्यात त्या मोठ्या गोगलगायी यायच्या आणि एका रात्रीत अळूची चाळण करायच्या. दादा म्हणायचा, मीठ टाक. वहिनीला ते बघवत नसे. ती त्यांना चिमट्याने उचलून बादलीत टाकायची आणि नाल्यापलीकडच्या रिकाम्या प्लॉटवर सोडून यायची. "उद्या परत येतील," दादा. "आल्या तर परत सोडीन, अहो, तुम्हाला कुठे उचलायच्यात?" आणि चिमटा कुठला, तर पोळ्यांचा! मला हे कळलं तेव्हा दुसरी पोळी माझ्या ताटात पडली होती. धुतला गं बाई, धुतला, म्हणून ती डोळ्यात पाणी येईपर्यंत हसली.

एकदा भर दुपारी धामण निघाली. भली लांब, जास्वंदीखालून सरळ घुशीच्या बिळाकडे. आख्खी लेन गोळा झाली, कोणी काठ्या आणल्या, कोणी म्हणे सोसायटीत तक्रार करा. वहिनी बिळापुढे हात पसरून उभी राहिली. "धामण आहे हो, विष नसतं तिला. घुशी खायला आलीये, जेवू दे की निवांत!" दादा खिडकीतून ओरडत होता, सुमन, आत ये, आत ये म्हणतो ना! त्याच्या आवाजात राग होता असं सगळ्यांना वाटलं. मला नाही वाटलं. तो घाबरला होता, तिला काही होईल म्हणून. आज वाटतं, पाण्याच्या परळांवरून तो तिच्याशी भांडायचा तेही बहुतेक ह्याच भीतीने.

पण मला सांगायचंय की परळात डास नव्हते. असणार कसे? वहिनी रोज सकाळी चहाच्या आधी ती ओतायची, नारळाच्या शेंडीने घासायची आणि ताजं पाणी भरायची. समोर टॉवरचं काम चाललंय, तिथल्या खड्ड्यात पाणी साचलेलं असतं. पलीकडे गावठाणाचं गटार आहे. डास कुठून आला हे कोण छातीठोक सांगणार? मी हे दादाला सांगितलं, समजावून सांगितलं, चिडून सांगितलं. त्याचं एकच... "मग कुठे चावला? सांग ना, कुठे?"

त्यात सुतक आलं. सुतकात घरच्यांनी तुळशीला पाणी घालायचं नाही, शेजाऱ्यांनी घालायचं, ही आमच्याकडची रीत. शेजारीण तांब्या घेऊन यायची, तेवढी तुळस भिजवून जायची. बाकीच्या झाडांचं काय? तुळशीला चालत नाही म्हणजे कशालाच चालत नसेल, असं दादाचा मुलगा-सून धरून चालले आणि नळाला कुणी हातच लावला नाही. ऑक्टोबरचं ऊन. मी आले तर मोगऱ्याची पानं करपलेली. म्हटलं, मी दिलेली मुलगी, मला तुमचं सुतक नाही, आणि पाइप लावला. दादाने येऊन नळ बंद केला. मी उघडला. त्याने पुन्हा बंद केला. "ह्या अंगणात आता पाणी नाही," म्हणाला. "दिवस झाले की पेव्हर ब्लॉक टाकून घेणार. सगळीकडे." मी रडले नाही, भांडले. वहिनीच्या फोटोसमोर आम्ही म्हातारे बहीण-भाऊ तोंडाला येईल ते बोललो.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. शिवणारच, तिच्या हातचं खाऊन माजलेले होते सगळे. लोक म्हणाले, सुटली बाई, इच्छा राहिली नव्हती कसली. मला इतका राग आला! राहिली नव्हती कशी? तिचं सगळं त्या मातीत होतं, आणि तीच माती हा बुजवायला निघाला होता.

ब्लॉक आले. काम सुरू झालं त्या दिवशी मी मुद्दाम गेले, अडवायला. अडवायची माझी काय टाप! मोगरा गेला, अळू गेलं, मी दारात उभी राहून बघत होते. कामगार भिंतीकडच्या हळदीपर्यंत आला आणि त्याने विचारलं, "काका, ही उपटू ना?" हळदीच्या पानात वाफवायच्या पातोळ्यांसाठी वहिनी इथलीच पानं काढायची.

दादा म्हणाला, "ती नाही निघायची आत्ता. पानं पिवळी होऊन वाळली की मग काढतात हळद. आधी काढली तर कंद कच्चा राहतो."

मी बघतच राहिले. आयुष्यात ज्याने कुंडीला पाणी घातलं नाही, तो हे बोलत होता, आणि तेही अगदी वहिनीच्या शब्दांत. कामगार म्हणाला, मग तेवढं राहू दे? राहू दे, दादा म्हणाला. हळद निघाली की ये, उरलेलं तेव्हा करू.

अंगण आता तसंच आहे. सगळीकडे राखाडी ब्लॉक आणि भिंतीशी हळदीचा एक पट्टा. त्याला तो पाणी घालतो. दर दोन-चार दिवसांनी सकाळी फोन येतो. "पानं हिरवीच आहेत अजून." मी म्हणते, असू दे रे, काय घाई आहे. पानं पिवळी पडतील त्याची मला धास्ती आहे, आणि त्यालाही असावी.

काल त्याने विचारलं, "नलू, सगळी हळद खायला नाही ना काढत? पुढच्या वर्षी लावायला थोडी ठेवावी लागते. ही ते बियाणं कशात ठेवायची?"

"मला नाही माहीत, दादा."

खरंच माहीत नव्हतं. राखेत, वाळूत, माळ्यावर, टोपलीत... कधी विचारलंच नाही, ती होती ना. "सुमनला विचा..." एवढं त्याच्या तोंडून गेलं आणि तो थांबला. फोन आम्ही दोघांनीही ठेवला नाही.