गप्पांना चालणारा चरखा

परतूरच्या खादी प्रदर्शनात तीन चरखे मांडले होते. त्यांतला कोणता घ्यावा ते मला कळेना. शेजारी उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "थांबा बाई, बघून देते." तिने पदर खोचला, पिशवीतून घरच्या कापसाचे पेळू काढले आणि मोठ्या चाकाच्या चरख्यासमोर बसली.

"कुठल्या तुम्ही?" चाक फिरवत तिने विचारलं. मी जालन्याची म्हटल्यावर ती माझ्याकडे वळली आणि सूत तुटलं. "ह्यो न्हाई कामाचा."

विक्रेत्याने कौतुकाने अंबर चरखा पुढे केला. एका वेळी आठ धागे निघत होते. "लेकरं किती?" तिने विचारलं. त्या खडखडाटात "दोन" हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं.

"जल्दी चालतो, पण बोलू देत न्हाई," ती म्हणाली.

राहिला पेटी चरखा, छोट्या बॅगेएवढा. उजवा हात चाकावर, डाव्या हातात धागा, नजर माझ्यावर. माझी सासू, नोकरी, गुडघेदुखी, सगळं विचारून झालं तरी धागा अखंड.

"हा घ्या. सूत कशावरबी निघतंय, बाई. दुपार चांगली गेली पायजे."

मी तोच घेतला. माझं सूत अजून हातभर झालं की तुटतं. पण घरी कोणी नवं आलं की मी चरखा पुढ्यात ओढते आणि आधी नाव विचारते. त्या दिवशी सगळे प्रश्न तिनेच विचारले. माझा एक राहूनच गेला.