चिंधी म्हण, जुनेर म्हणू नको

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, त्यामुळे वाचायच्या आधीच कळलं की कोणीतरी गेलं. पाचोऱ्याच्या शाळेत मधल्या सुट्टीत शिपायानं ते हातात दिलं आणि मी वेड्यासारखी आधी माहेरची नावं मनात मोजली. अक्का मनात आल्याच नाहीत. धुळ्याच्या देवपुरातल्या त्यांच्या शेजारणीनं तीन ओळी लिहिल्या होत्या... ताप आला, चार दिवस अंथरुणावर होत्या, गेल्या. त्याला आता सहा आठवडे झाले. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. लिहीन की. पण अक्कांबद्दल चांगलं लिहायचं तर स्वतःबद्दल वाईट लिहावं लागतं, आणि तेवढं त्यांच्यासमोर बसून बोलायचं धाडस मला त्यांच्या हयातीत झालं नाही. त्यांची शाळा सुटली ती माझ्या एका शब्दापायी.

लढाईच्या दिवसांत मी धुळ्याच्या मुलींच्या शाळेत नवी नवी लागले होते. अक्का माझ्याहून वीसएक वर्षांनी मोठ्या, नवऱ्यानं टाकलेल्या, तोंडाच्या फटकळ. त्यांना कोणी बाई म्हणत नसे, हेडबाईंसकट सगळ्यांच्या त्या अक्का. त्या विणकामाचा तास घेत आणि त्याच तासाला लहान मुली विणायला माझ्याकडे असत. विणकाम म्हणजे माग नाही की चरखा नाही. पाटी फुटली की लाकडी चौकट उरते ना, ती अक्का कोणाला टाकू देत नसत. चौकटीच्या वरच्या-खालच्या पट्टीला बारीक खिळे ठोकायचे, त्यांवरून सुतळी उभी ताणायची, झाला माग. मोडक्या छत्रीची काडी ही सुई आणि दात पडलेली फणी ओळी दाबून बसवायला. आडव्या विणीला चिंध्या. एक वर, एक खाली, परतताना उलट... वर्गभर तोच जप चालायचा. घरी मार खाऊन आलेल्या मुलीला अक्का सगळ्यांत लालभडक चिंधी द्यायच्या आणि काही विचारायच्या नाहीत. तांब्याखाली ठेवायची चटई तयार झाली की पोरी ती डोक्यावर घेऊन घरी पळत सुटायच्या. माझी चटई मात्र नेहमी मधेच आकसायची. "इंदू, ओढतेस कशाला गं," अक्का म्हणायच्या, "धाग्याला येऊ दे की आपल्या पायानं."

त्यांचा एक नियम होता. मुलींना घरून काय आणायचं ते सांगताना चिंधी आणा, असंच म्हणायचं. एकदा माझ्या तोंडून जुनेर आणा, असं गेलं, तर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "चिंधी म्हण, जुनेर म्हणू नको." मला वाटलं, आली यांची लहर. आमच्या घरी जुनेर म्हणजे आईचं विटलेलं लुगडं, गोधडीत नाही तर पोतेऱ्यात जायचं. त्यात एवढं काय? कारण त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. नवीन होते ना, आपल्याला कळत नाही हे दिसायला नको होतं.

मग कापड मिळेनासं झालं. आमचा मुलूख कपाशीचा, सरकी काढायच्या जिनांच्या आवारात रुईचे डोंगर, आणि दुकानात एक लुगडं नाही. चिंधीसुद्धा कोणी टाकेना. पोरी रिकाम्या चौकटी घेऊन बसायच्या. पौषात एका दुपारी, अक्का पलीकडच्या वर्गात असताना, मी लहानग्यांना सांगून टाकलं, उद्या घरून जुनेर आणा. दुसऱ्या दिवशी वेणू नावाची सहा वर्षांची पोर हिरव्या पट्ट्यांचा भारा घेऊन आली. फाडताना शेजारच्या मुलीनं मदत केली म्हणाली. मी तिची पाठ थोपटली आणि पट्ट्या वर्गात वाटल्याही. अक्का आल्या तोवर निम्म्या पोरींच्या चौकटी हिरव्या झाल्या होत्या.

तास संपायच्या आत वेणूची माय दारात उभी राहिली. ती जिनात कामाला जायची. नदीवर न्हाऊन ओलेत्यानं घरी आली, तर बदलायचं लुगडं जागेवर नाही. तिच्याकडे दोनच होती, एक अंगावरचं आणि एक हे जुनेर. त्या थंडीत तशीच ओली शाळेत आली, पायाशी पाण्याचं थारोळं. तिनं एकेका पोरीच्या हातातली चौकट बघितली. आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "बठ्ठं मन्हं लुगडं शे." सगळं तिचंच लुगडं होतं.

अक्कांनी खालची सतरंजी ओढून तिच्या खांद्यावर घातली. मग हेडबाई आल्या, मुलींना जुनेर आणायला कोणी सांगितलं, विचारू लागल्या. अक्कांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खाली बघत होते. "माझा तास आहे. मीच सांगितलं," त्या म्हणाल्या. मी मिठाची गुळणी धरून उभी. वडील गेलेले, पाठची भावंडं माझ्या पगारावर... कारणं खोटी नव्हती, पण काय करायची ती? लहान पोरींना कोणी विचारलंच नाही. गावात बोभाटा झाला की शाळेत मुलींना घरं नागवायला शिकवतात. विणकामाचा तास बंद झाला, पंधरवड्यात अक्कांनाही काढलं. जाताना त्या मला फक्त एवढंच म्हणाल्या, पोरींच्या चौकटी जाळू देऊ नकोस. त्यासुद्धा मी वाचवल्या नाहीत.

महिनाभर मला जेवण गोड लागलं नाही. शेवटी एका रविवारी सकाळी मनाचा हिय्या करून पांझरा नदीपलीकडे देवपुरात गेले. पाय धरायचे, मग हेडबाईंकडे जाऊन खरं सांगायचं, असं ठरवूनच निघाले होते. दार वाजवलं. आतून "कोण?" मी नाव सांगितलं. दाराआडून आवाज आला, "आत्ता नको गं. नंतर ये." दार उघडलं नाही. मी समजले, तोंडही बघायचं नाही यांना माझं. आणि खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं. पुढे लग्न झालं, पाचोऱ्याला आले. धुळ्याला गेले तरी नदीपलीकडे कधी गेले नाही.

कार्ड आलं आणि तेराव्याला गेले. खोलीत वेणूची माय भांडी घासत होती. जुनेर कोणी मागवलं ते वेणूनं तिला केव्हाच सांगितलेलं होतं, तरी ती माझ्याशी सरळ बोलली. तिचं लुगडं फाटलं त्याच संध्याकाळी अक्का आपल्या दोन लुगड्यांतलं एक तिला देऊन गेल्या होत्या. ती घेईना, तर म्हणाल्या, रविवारी धुवीन आणि वाळेपर्यंत दार लावून बसेन, मला कुठं जायचंय? त्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधलेली होती. बाहेर वाळत घालायला जाणार कशा?

मी तिला विचारलं, वाळायला किती वेळ लागायचा.

"घंटाभर," ती म्हणाली.

त्या रविवारी अक्कांच्या दारातून निघून मी पांझरेच्या काठी बसले होते. ऊन डोक्यावर येईपर्यंत बसले होते. मग उठून घरी गेले.