विहिरीजवळची वेल

पुतळाबाईचा शब्द मोडायची आमच्या गावात कुणाची टाप नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडताना तिनं मुकादमालाही सरळ केलं होतं. पुढं नवरा गेला, तरी येडशीच्या अलीकडच्या आमच्या माळावर पहिली द्राक्षं लावली ती तिनंच.

दोन वर्षं मांडवावर पाला मावेना आणि घड काही दिसेना. धाकटा दीर व्यंकट म्हणाला, "वैनी, औंदाचं साल बघतो. न्हायतर मांडव मोडून ढोकीच्या कारखान्याला ऊस लावतो."

मग सोलापूरकडचे बागायतदार कल्याणप्पा बाग बघून गेले. त्यांनी सांगितलं, "आक्का, नुसत्या आश्विनातल्या छाटणीनं भागत न्हाय. चैत्रात समदं हिरवं कापून काढा. नव्या काडीला ऊन लागलं, की तिच्यातच घड धरतोय."

दुष्काळात झाडपाला ओरबाडून जनावरं जगवलेल्या आमच्या बाया. त्यांनी कात्र्या हातात घेतल्या आणि परत खाली ठेवल्या. विठाबाई म्हणाली, "चैतात हिरवं कापायचं? माझ्यानं न्हाय व्हायचं."

"मग बसा सावलीला. पाला तेवढा न्या, शेरडास्नी हुईल," असं म्हणत पुतळाबाईनं पदर खोचला आणि कापायला सुरुवात केली. कापताना ती रडत होती, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. थोड्या वेळानं एकेक बाई उठली. संध्याकाळी मांडवावर नुसत्या तारा आणि खोडं उरली. व्यंकट बांधावरूनच तोंड फिरवून गेला.

विहिरीजवळची शेवटची वेल मात्र पुतळाबाईनं कापू दिली नाही. "ऱ्हाऊ द्या हिला," एवढंच म्हणाली. एवढी खमकी बाई, पण तीही आमच्यासारखीच दुष्काळातली.

आश्विनात सगळ्या वेलींची छाटणी झाली. फाल्गुनात घडांच्या भारानं तारा वाकल्या, आणि विहिरीजवळच्या वेलीवर पुन्हा नुसता पाला. व्यंकटनं तिच्याखाली जाऊन पाला चाळून बघितला. मग जाऊन उसाचं बेणं नको म्हणून सांगून आला.

आसपासच्या गावांतले लोक बाग बघायला येऊ लागले. पुतळाबाई त्यांना आधी त्या वेलीपुढं उभं करायची. म्हणायची, "ह्या एकीवर म्या माया केली, म्हणून ही रिकामी ऱ्हायली." मग घड दाखवायची. पुढच्या वर्षी पाच गावांत मांडव उभे राहिले.

पण त्याआधी, घड उतरल्यावर लगेच आलेल्या चैत्रात छाटणीला बाया जमल्या, तेव्हा विठाबाईनं कुणी न सांगता कात्री उचलली आणि सगळ्यात आधी विहिरीकडं गेली.